ठिपकेवाल्या तरसांचा गोतावळा: तिथे राज्य कोणाचं आणि का?

आमच्या गावच्या ग्रुपवर वर्षातून दोन-तीनदा तरी "तरस दिसलंय, पोरांना बाहेर सोडू नका" असा मेसेज फिरतो आणि सोबत जो फोटो येतो तो हमखास आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाचा असतो, जे आपल्याकडे नाहीच. मग खाली चर्चा सुरू होते की हे हसतं, हे मढी उकरतं, हे सिंहाचं उष्टं खातं, यांच्यात नर कोण नि मादी कोण ते कळत नाही, दरवर्षी लिंग बदलतं म्हणे. त्यात मध्यंतरी बातमी आली की इजिप्तमध्ये, जिथे हे जनावर हजारो वर्षांत कोणाला दिसलं नव्हतं, तिथे सुदानच्या हद्दीजवळ २०२४ साली एक ठिपकेवालं तरस आढळलं, त्याने शेळ्या मारल्या आणि लोकांनी त्याला मारलं. ती बातमी वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं की हे नक्की असतं काय प्रकरण, कारण त्यांना माहितीय मी या जनावरावर बरीच वर्षं मिळेल ते वाचते. एकदा सविस्तरच लिहून टाकते, कारण माणसाच्या इतकं जवळ जाणारं समाजजीवन असलेलं शिकारी जनावर मला तरी दुसरं माहीत नाही.

आधी ठरवू, कुठलं तरस?

जगात तरसाच्या जाती फक्त चार. आपल्या पुणे, नगर, सोलापूरकडच्या माळरानावर असतं ते पट्टेवालं तरस, अंगावर काळे उभे पट्टे, पाठीवर आयाळ, बहुतेक एकटं-दुकटं रात्री फिरणारं, मेलेल्या जनावरांवर नि हाडांवर भागवणारं आणि माणसाला टाळणारं. दुसरं तपकिरी तरस, ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या कोरड्या मुलखात. तिसरं आर्डवुल्फ, ते चक्क वाळवी खाऊन जगतं. आणि चौथं हे ठिपकेवालं, सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत राहणारं, चौघांत सगळ्यात मोठं आणि टोळीने राहणारं.

दिसायला कुत्र्यासारखं असलं तरी तरस कुत्र्याच्या भावकीतलं नाही. मांजर, मुंगूस, उदमांजर ही मंडळी त्याला जास्त जवळची. लांबवर धावत शिकार करायला तशी ठेवण सोयीची पडली म्हणून दोन वेगळ्या घराण्यांतली जनावरं सारखी दिसायला लागली, एवढंच.

"पण हे तर उष्टं खाणारं जनावर ना?"

हा गैरसमज इतका पक्का आहे की अगदी जंगलात जाऊन आलेले लोकही तेच सांगतात, आणि त्याचं कारणही आहे. पर्यटक सकाळी निघतात. समोर सिंह झेब्रा खात बसलेले, पाच-सहा तरसं लांबून बघतायत, मग माणूस काय समजणार? हान्स क्रूक नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात टांझानियातल्या सेरेंगेटी आणि गोरोंगोरोमध्ये रात्री-रात्री गाडीतून तरसांच्या मागे फिरून बघितलं तेव्हा उलटंच चित्र दिसलं. शिकार तरसांनी केलेली असायची, तो गलका ऐकून सिंह यायचे, तरसांना हुसकून लावायचे आणि उजाडल्यावर पर्यटक बघायचे ते फक्त शेवटचं पान. गोरोंगोरोत तर सिंहच तरसांच्या जिवावर बरंच जगत होते. नंतर केनियातल्या मसाई मारामध्ये के होलकॅम्प आणि त्यांच्या टीमने १९८८ पासून जे सलग काम केलंय त्यातही हेच दिसलं, की तरसं बहुतेक खाणं स्वतःच मारतात. मेलेलं मिळालं तर सोडत नाहीत हे खरं, पण ते सिंहसुद्धा सोडत नाही.

ताशी ६० किलोमीटरपर्यंत वेग आणि शरीराच्या मानाने मोठं हृदय, त्यामुळे दम टिकतो. लपून झडप घालायची पद्धत नाही, मागे लागायचं आणि समोरचं जनावर थकेपर्यंत सोडायचं नाही. एकटं तरस पण वासराएवढं हरीण मारू शकतं.

आणि मग हाडं. दुसरी शिकारी जनावरं जिथे ताट सोडून उठतात तिथून यांचं जेवण चालू राहतं, जाड मांडीचं हाड दाढांनी फोडून आतला मगज तर खातातच पण हाडही पचवतात. मसाई मारात आमच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून एका ठिकाणी बोट दाखवलं, गवतात पांढरे स्वच्छ गोळे पडलेले, मला वाटलं चुनखडीचे दगड. ती तरसाची विष्ठा होती. त्याने बुटाने दाबलं तर खडूसारखा भुगा झाला, वास जवळजवळ नाहीच, बोटाला लागली तर रांगोळीसारखी पूड. सगळं कॅल्शियम. केस नि खुरं मात्र पचत नाहीत, त्याचा गोळा करून ओकून टाकतात.

टोळी म्हंजे नक्की काय?

यांच्या टोळीला शास्त्रज्ञ क्लॅन म्हणतात, आपण टोळीच म्हणू. वाळवंटी भागात पाच-दहा जणांची असते, शिकार भरपूर असेल तिथे ऐंशी-नव्वद, मसाई मारात तर शंभरच्या वरही गेलीय. पण लांडग्यांसारखे सगळे एकत्र कधी फिरत नाहीत. एखाद्या मोठ्या वाड्यात दहा चुली असाव्यात, दिवसभर जो तो आपल्या कामाला, कोणी एकटा, कोणी दोघं-तिघं, आणि भांडण झालं शेजारच्या गावाशी की सगळे एका बाजूला, असं ते चालतं. सीमा ठरलेल्या असतात, शेपटीखालच्या ग्रंथीतून निघणारा पिवळसर चिकट पदार्थ गवताच्या काड्यांवर लावून त्या आखतात, त्या वासावरून कोण येऊन गेलं ते बाकीच्यांना कळतं.

आता एवढ्या पसरलेल्या कुटुंबात एकमेकांना ओळखायचं तर स्मरणशक्ती पाहिजे. तरसांची ती लांब हाळी असते ना, खालून सुरू होऊन वर चढत जाणारी "ऊऽऽऽप", ती तीन-चार किलोमीटरवर ऐकू जाते आणि प्रत्येकाची वेगळी असते, आई हाळीवरून ओळखू येते. २०११ मध्ये मारातल्या तरसांना अनोळखी तरसांच्या हाळ्यांचं रेकॉर्डिंग ऐकवलं, कधी एकाच तरसाचं, कधी दोन तर कधी तीन वेगवेगळ्या तरसांचं. आवाज जितक्या जणांचे तितकी ती जास्त सावध झाली, आणि आपल्या बाजूला किती जण आहेत त्याप्रमाणे पुढे जायचं की मागे फिरायचं ते ठरवलं. म्हंजे आवाजावरून माणसं मोजली, आपण अंधारात वाड्यावर कोण आलंय ते मोजतो तशीच.

उतरंड: शेंडेफळाचं राज्य

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो त्यामुळे थोडं लांबेल.

टोळीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. आपल्याकडे मडक्यांची उतरंड असायची तशी एकावर एक, आणि सगळ्यात वरच्या मडक्यावर एक मादी. ती आली की बाकीचे शिकारीवरून बाजूला होतात. तिच्या खालोखाल कोण? तिची पोरं. आणि त्या पोरांमध्ये सगळ्यात वर कोण, तर सगळ्यात धाकटं! आधीच्या वेताची पोरं त्याच्या खाली. आपल्याकडे शेंडेफळाचे लाड होतात, इथे शेंडेफळाला गादीच मिळते. त्यानंतर दोन नंबरची मादी, तिची पोरं, असं खालपर्यंत.

मला हे वाचून माहीत होतं पण बघितल्यावर अंगावर काटा आला. सकाळी सात-साडेसातची वेळ, बिळापाशी सात-आठ तरसं पडलेली, दोन अगदी लहान काळी पिल्लं आमच्या गाडीचा टायर हुंगत होती. एक चांगली थोराड मादी येऊन बिळाजवळ आडवी झाली. तेवढ्यात चार-पाच महिन्यांचं एक पिल्लू, पाय अजून काळे नि पाठीवर ठिपके नुकते उमटायला लागलेले, तरातरा तिच्या दिशेने गेलं, शेपटी ताठ वर. त्या एवढ्या मोठ्या मादीने कान मागे पाडले, दात विचकल्यासारखं तोंड केलं, मान दोनदा खालीवर केली आणि उठून चार पावलं पलीकडे जाऊन बसली. पिल्लू तिच्या गरम जागेवर लोळलं. ड्रायव्हर म्हणाला, याची आई इथली मोठी आहे. ती आई तिथे नव्हतीसुद्धा.

मग हे पद रक्तातून येतं का? नाही, शिकावं लागतं, आणि नुसतं पिल्लाला नाही तर सगळ्या टोळीला. पहिले काही आठवडे पिल्लं आपापसात अंगबळावर भांडतात, जो दणकट तो जिंकतो. पुढे आई मध्ये पडायला लागते. तिच्या खालच्या मादीचं पोर आपल्या पोराला भिडलं की ती धावून येते, पण वरच्या मादीचं पोर असेल तर गप्प बसते. असं पुन्हा पुन्हा झालं की पिल्लाला कळतं मी कोणावर गुरगुरू शकतो, आणि समोरच्यालाही कळतं की याच्या नादी लागलं तर याची आई येईल. गावात पाटलाच्या पोराला कोणी हात लावत नाही त्यात पोराच्या मनगटाचा काही संबंध नसतो, तसंच. याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हंजे दत्तक पिल्लं. क्वचित एखादी मादी दुसरीचं पिल्लू वाढवते, आणि सेरेंगेटीत असं दिसलं की अशा पिल्लाला जागा मिळते ती वाढवणाऱ्या आईच्या खालची, जन्म देणारीच्या खालची नाही. आणि धाकटं पोर वर का, तर भांडण झालं की आई धाकट्याची बाजू घेते, बस.

या जागेवर आयुष्य ठरतं. वरच्या मादीला जवळच्या जवळ पोटभर मिळतं, तिला पिल्लं लवकर होतात, ती जास्त जगतात. खालच्या मादीला उरलंसुरलं. सेरेंगेटीत शिकारीचे कळप हंगामाप्रमाणे लांब जातात, तेव्हा बिळात पिल्लं ठेवून आया ४०-५० किलोमीटर चालत कळपापर्यंत जातात, खातात आणि दूध घेऊन परत येतात. वरच्या पायरीवरच्या माद्यांना घराजवळ काही मिळालं तर त्या जात नाहीत, खालच्यांना मात्र जावंच लागतं. पिल्लं तोवर दोन-चार दिवस उपाशी थांबतात. म्हणून यांचं दूध भयंकर सकस असतं, जमिनीवरच्या मांसाहारी प्राण्यांत प्रथिनं सगळ्यात जास्त असलेल्या दुधांत ते मोडतं, आणि पिल्लं वर्ष-दीड वर्ष त्यावर असतात.

"माद्या अंगाने मोठ्या नि हार्मोन पुरुषी, म्हणून राज्य करत असतील ना?"

बरीच वर्षं शास्त्रज्ञही असंच समजत होते. माद्या नरांपेक्षा थोड्या मोठ्या असतात, फार नाही. आणि वरच्या माद्यांमध्ये गरोदरपणाच्या शेवटी काही नर-हार्मोन वाढतात, त्यांची पिल्लं जास्त आक्रमक असतात हे २००६ मध्ये दिसलं आहे. पण नुसतं तेच कारण असतं तर आपल्या घरातल्या टोळीत जन्मलेले नर आणि बाहेरून आलेले नर यांच्यात फरक पडायला नको होता, आणि तो तर प्रचंड पडतो. मोठ्या आईचा मुलगा घरी असेपर्यंत भल्याभल्या माद्यांना हटवतो.

२०१९ साली शास्त्रज्ञांनी गोरोंगोरोतल्या आठ टोळ्यांच्या कितीतरी वर्षांच्या नोंदी घेऊन चार हजारांवर सामने तपासले. प्रत्येक सामन्यात त्यांनी एकच प्रश्न विचारला, भांडण पेटलं तर या दोघांतल्या कोणाच्या बाजूने जास्त जण उभे राहतील? ज्याच्या पाठीशी जास्त माणसं तो बहुतेक वेळा जिंकणार, मग वजन किती, नर की मादी याला फारसा अर्थ राहिला नाही. आता माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात, आई, मावश्या, बहिणी, मुली असा गोतावळा तयार होतो, आणि नर बहुतेक बाहेरून एकटे आलेले. राज्य माद्यांचं होणारच. आपल्याकडे सासरी नवी आलेली मुलगी नि घरातली नणंद यांचं जसं असतं, नणंद काही अंगाने दणकट नसते, तिच्यामागे घर असतं.

नर जातो सासरी

साधारण दोन वर्षांचा झाल्यावर बहुतेक नर घर सोडतो. नव्या टोळीत गेला की उतरंडीच्या तळाला. कालपर्यंत राणीचा मुलगा असला तरी तिथे त्याला ओळखणारं कोणी नाही, टोळीत जन्मलेलं पिल्लूसुद्धा त्याच्या वर. नरांच्यात मारामारी करून वर चढायचा प्रकार जवळजवळ नाहीच, आधी आला तो वर, नंतर आला तो खाली, रेशनच्या लायनीसारखं. मग तो माद्यांशी ओळखी वाढवतो, महिनोन्महिने मागेमागे फिरतो, दोन पावलं पुढे नि तीन मागे. निवड पूर्ण मादीची. आणि माद्या निवडतात कोणाला? २००७ चा गोरोंगोरोचाच अभ्यास सांगतो की तरुण माद्या आपल्या जन्मानंतर टोळीत आलेला किंवा जन्मलेला नर पसंत करतात, म्हंजे आपला बाप होण्याची शक्यताच नाही असा. बाप कोण हे माहीत नसताना हा एक साधा नियम पुरतो.

ते "नर की मादी कळत नाही" प्रकरण

लाजण्यासारखं काही नाही, सरळ सांगते. मादीचा क्लिटोरिस, म्हंजे योनिलिंग, वाढून नराच्या लिंगाएवढं नि तशाच आकाराचं असतं, ताठही होतं, आणि योनीचं वेगळं तोंड बाहेर नसतं. लघवी, समागम, बाळंतपण सगळं त्याच एका नळीतून. म्हणून पूर्वीच्या लोकांना वाटलं की हे जनावर दोन्ही लिंगांचं आहे किंवा लिंग बदलतं. तसं काहीही नाही, आत गर्भाशय वगैरे सगळं व्यवस्थित मादीचं.

याची किंमत मोठी आहे. पहिल्या बाळंतपणात ती अरुंद नळी फाटते, पिल्लं बऱ्याचदा अडकून मरतात, कधी आईपण जाते. मग हे टिकलं कसं, हा प्रश्न सगळेच विचारतात. गरोदर माद्यांना नर-हार्मोन अडवणारी औषधं दिली तरी मादी पिल्लांना हा अवयव आलाच, म्हंजे नुसत्या हार्मोनवर ढकलून चालत नाही. एक गोष्ट मात्र पक्की, अशा रचनेमुळे मादीच्या मर्जीशिवाय नराला काहीही करता येत नाही. आणि भेटल्यावर एकमेकांसमोर उलटं उभं राहून पाय उचलून तिथे हुंगायचं ही यांची रामराम करायची पद्धत, त्यात बहुतेक खालच्या पायरीवरचा आधी पाय उचलतो.

पिल्लं एका वेळी बहुतेक दोन, डोळे उघडे आणि सुळे फुटलेले घेऊनच जन्मतात. पहिल्याच दिवशी भावंडं एकमेकांना चावायला लागतात, दूध कमी पडलं तर त्यातलं एक मरतंही. भाऊबंदकी म्हणतात ती इतक्या लहानपणी मी दुसरीकडे ऐकली नाही.

आणि ते हसणं?

हसणं नाही ते. खिदळल्यासारखा तो आवाज काढणारं तरस बहुतेक वेळा अडचणीत असतं, कोणीतरी त्याच्यावर धावलंय, त्याच्या तोंडचा घास ओढतंय, किंवा ते खूप अस्वस्थ आहे. त्या आवाजातून वय नि उतरंडीतली जागा यांचा अंदाज येतो असंही दिसलंय. म्हंजे आपण ज्याला खुनशी हसू म्हणतो ते बऱ्याचदा मार खाणाऱ्याचं ओरडणं असतं.

"पण माणसाला धोका आहेच ना?"

आहे, लपवण्यात अर्थ नाही. गुरं-शेळ्या मारतात, उघड्यावर झोपलेल्या माणसांवर हल्ले झालेत, आणि ज्याची शेळी गेली त्याचा राग खरा असतो. पण इथिओपियातलं हरार शहर बघा, तिथे जुन्या तटबंदीत तरसांना ये-जा करायला मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत, रात्री तरसं आत येऊन गल्ल्यांतला मांसाचा कचरा साफ करतात, आणि काही माणसं रोज संध्याकाळी त्यांना हाका मारून, तोंडात काडी धरून त्यावरचं मांस भरवतात. त्याच देशातल्या मेकेले शहराच्या अभ्यासात हिशोब निघाला की तिथली तरसं वर्षाला सुमारे २०७ टन मेलेली जनावरं नि टाकलेलं मांस फस्त करतात, नाहीतर त्यातून अँथ्रॅक्स आणि गुरांचा क्षयरोग पसरला असता. ख्रिश्चन लोकांचा ५५ दिवसांचा मोठा उपवास आला की खाटकांची दुकानं थंडावतात, कचऱ्यात मांस येत नाही, आणि त्या दिवसांत तरसांच्या विष्ठेत गाढवांचे केस वाढलेले सापडतात. माणसाच्या पंचांगावर त्यांचं जेवण चालतं.

आज जगात ठिपकेवाली तरसं २७,००० ते ४७,००० च्या दरम्यान असावीत असा अंदाज आहे. लगेच नामशेष होणार नाहीत, पण आकडा खाली जातोय, कारण विष घातलेलं मांस आणि फासे. सेरेंगेटीत फासे लावतात ते खरं तर वाइल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांसाठी, पण कळपाकडे ४०-५० किलोमीटर चालत जाणाऱ्या आया त्यात अडकतात, आणि मागे बिळात पिल्लं वाट बघत राहतात. टोळीच्या बिळात बाकीच्या माद्याही दूध पाजत असतात, पण प्रत्येक जण आपल्याच पिल्लाला, दुसऱ्याचं तोंड लागलं की हुसकतात. बिळाच्या आतल्या वाटा इतक्या अरुंद असतात की मोठं तरस आत शिरू शकत नाही, आई येते ती तोंडाशी उभी राहून हाक मारते आणि पिल्लं वर येतात. दुसऱ्या कोणाच्या आईची हाक आली तर ती वर येतात, बघतात आणि परत आत जातात.